आक्का, तुझी नाडी आणि माझा भोंगा

"मेन बंद कर, बाळ्या! आधी मेन बंद कर!"

आक्का, तू विहाराच्या पायरीवर उभी राहून ओरडत होतीस आणि मला काही ऐकू येत नव्हतं. येणार कसं? माझा भोंगा वाजत होता. रानडुकरं हाकलायचा भोंगा, मी स्वतःच्या हातानं जोडलेला, तुझ्याच कपाटातल्या पुस्तकात बघून. फरक एवढाच की पुस्तकातल्या चित्रात तंबाखूच्या डबीएवढा स्पीकर होता आणि मी आमच्या मंडपाचा कर्णा लावला होता, म्हशीचं डोकं आत जाईल असा. वडवणीचा आठवडी बाजार भरलेला होता. भाजी-माळवं विकणाऱ्या बायांनी पाट्या उचलल्या. बीडची एसटी रस्ता सोडून कडेला उभी राहिली, कारण ड्रायव्हरला वाटलं, मागून अँब्युलन्स येतीय. त्या दिवसापासून आपल्या शिवारात डुक्कर दिसलं नाही. गेवराईकडं गोदावरीच्या काठानं जी डुकरं फिरतात ना, ती आपलीच. इथूनच गेलती ती. मी हे कुणालाही छातीवर हात ठेवून सांगतो.

मग कर्ण्याच्या मागून धूर निघाला. तूच येऊन वायर ओढलीस. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण तू कर्ण्याकडं बघितलं नाहीस, माझ्याकडंही नाही. पुस्तक उचललंस. त्याच्या उघड्या पानावर माझं तापलेलं सोल्डरिंग आडवं पडलं होतं आणि कागदावर चांगला तपकिरी चटका उठला होता. तू पदराला खोचलेला पेन काढून माझ्या हातात दिलास.

"सही कर."

"कशाची?"

"चटक्याची. नाव लिही, गाव लिही, काय करत हुतास ते लिही."

मी लिहिलं, 'बाळासाहेब, वडवणी, डुक्कर.' त्या कपाटातल्या पुस्तकांवरचा तो पहिला चटका, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. तू होतीस तेव्हा मधेच म्हणायचीस, "पहिला कसला, चौथा-पाचवा असंल." आता तू मधे बोलायला नाहीस. तेव्हा पहिलाच.

तू गेल्यावर विहार कमिटीनं मला सांगितलं, तुमी मावसभाऊ, आक्कावर तुमीच लिहा. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं तुझ्या लेकीनं, प्रज्ञानं नीट लिहून दिलंय, ते या स्मृतिअंकात पहिल्या पानावर आहे आणि त्यात एकही गोष्ट वाढवलेली नाही. ज्याला खरं पाहिजे त्यानं ते वाचावं. मी तुझ्याशी बोलणार आहे.

लोकांना वाटतं, तू निवृत्त होऊन वडवणीला आलीस आणि वेळ जाईना म्हणून हा इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला. त्यांना काय माहीत. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तू नवी सिस्टर होतीस तेव्हाची गोष्ट. क्वार्टरमधला तुझा रेडिओ मुका झाला. दुसरी कुणी असती तर नवा रेडिओ घेतला असता. तू औरंगाबादला ट्रेनिंगला गेलीस आणि तिथल्या फुटपाथावरून रेडिओचं पुस्तक घेऊन आलीस. इंग्रजी पुस्तक. शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचीस, एका पानाला एक संध्याकाळ. मी तेव्हा तुझ्याकडं राहायला आलेला, दहावी नापास, हातात तुझ्याच डब्यातला लाडू. मी विचारलं होतं, "आक्का, कावून एवढा जीव काढतीस?" तू म्हणालीस, "मानूस बोलायचा बंद झाला तर मी त्याला टाकून देती का?"

तो रेडिओ बोलला. मी सांगतो की त्यातून पहिल्यांदा गाणं लागलं आणि पूर्ण क्वार्टर नाचलं. तू सांगायचीस, नुसती खरखर झाली. बरं, खरखर तर खरखर. पण अशी खरखर की शेजारच्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घराण्यात, आपल्या वस्तीत, तोवर कुणी बिघडलेली वस्तू पुस्तक वाचून बोलती केलेली नव्हती. मी ती खरखर कानात घेऊन एसटीत बसलो आणि वडवणी येईपर्यंत प्रत्येक पॅसेंजरला सांगितली. धारूरच्या घाटापर्यंत त्या रेडिओवर लंडन लागलं होतं. वडवणीला उतरलो तेव्हा चंद्रावरचं लागत होतं.

विहारातलं ते लोखंडी कपाट तू आल्यावर भरलं. आधी त्यात सतरंज्या होत्या. पुस्तकं अशी हाताळली गेली की कव्हरं राहिली नाहीत, मग लेखकांची नावंही गेली आणि आपल्या लोकांनी पुस्तकांची नामकरणं केली. आता बाहेरगावचा कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो, कारण आजही लोक मला विचारतात, इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय, पुस्तक कोणतं घ्यावं.

'नाडी' म्हणजे ते बारीक पुस्तक, ज्यात काहीच बनवायचं नसतं. नुसतं मल्टिमीटर हातात धरायचं आणि मोजायचं. सेलमध्ये किती व्होल्ट, वायर तुटली का सलग आहे, रेझिस्टर मेला का जिवंत. 'भोंगा' म्हणजे माझं पुस्तक. त्यात पहिल्या पानापासून काहीतरी वाजतं, लुकलुकतं, थरथरतं, आणि पार्ट कशात कुठं खोचायचा याचं ढळढळीत चित्र असतं. 'उशी' म्हणजे ते जाडजूड इंग्रजी, ज्यात सगळं आहे. ते पहिल्यापासून वाचायला घेतलेला माणूस तिसऱ्या पानावर झोपतो. तू बजावून द्यायचीस, "हे वाचायचं न्हाई, अडलं की उघडायचं." आणि 'गोम' म्हणजे अलीकडचं, बोर्डावर प्रोग्रॅम लिहायचं. त्यातली चिप दोन्ही बाजूंनी पाय फुटलेल्या गोमेसारखी दिसते म्हणून. मोटार बंद झाली की मोबाईलवर मेसेज यावा असल्या हौशी ज्याला आहेत त्यानं गोम घ्यावी, पण नाडी आणि भोंगा झाल्यावर. एवढ्यात माझं-तुझं एकमत होतं.

पुस्तक निवडायची तुझी रीत मी पुण्याच्या दुकानात बघितलीय. तू मधलंच पान उघडायचीस. सर्किटचं चित्र आहे पण प्रत्येक पार्टाशेजारी त्याचं माप लिहिलेलं नाही, पुस्तक परत. मापं आहेत पण काय चुकू शकतं ते लिहिलेलं नाही, पुस्तक परत. मग तू दुकानदाराला विचारायचीस, यातला हा पार्ट बीडला मिळतो का. तो बिचारा पुण्याचा, त्याला काय माहीत बीडला काय मिळतं. तू म्हणायचीस, "ज्यातलं सामान बीडला मिळत न्हाई, ते पुस्तक लई चांगलं असंल, पण आपलं न्हाई." एकदा तू एवढी पुस्तकं परत ठेवलीस की दुकानदारानं तुला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. त्याला वाटलं, विद्यापीठातून तपासणीला आलीय. मी त्याला म्हटलं, बरोबर वळखलं.

हल्लीची पोरं म्हणतात, पुस्तक कशाला, सगळं व्हिडिओत आहे. तू त्यांना कधी नाही म्हणाली नाहीस. फक्त म्हणायचीस, "बघा की. पर व्हिडिओत त्याचं बरोबर येतं. आपलं चुकलं की तो पुढं गेलेला असतो. पुस्तक थांबतं." आणि चटक्याचा कायदा होताच. पुस्तकावर चटका पडला की लोक दुसरीकडं तोंड लपवतात, तुझ्याकडं मिरवायचे. डागाभोवती गोल, शेजारी नाव, गाव आणि काय बनवत होतो ते. कोरं पुस्तक परत आलं की तू चष्मा नाकावर ओढून विचारायचीस, "वाचलं न्हाईस व्हय?" नवा माणूस आला, कोणतं पुस्तक घेऊ म्हणाला, की तू त्याला कपाटापुढं उभं करायचीस. ज्यावर डाग जास्त, ते घे. मोठमोठ्या जाणकारांनी शिफारशी लिहिल्या असतील, पण अशी शिफारस मी तरी कुठं वाचली नाही.

आता भांडणाकडं येतो. ते टाळून हा लेख पुरा होणार नाही आणि तुलाही आवडणार नाही.

नवा माणूस आला की पहिलं पुस्तक कोणतं द्यायचं? तू म्हणायचीस नाडी. मी म्हणायचो भोंगा. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डाव्या कडेला, जिथं पहिला हात जातो, तिथं तू नाडी ठेवायचीस. तू घरी गेलीस की मी तिथं भोंगा ठेवायचो. सकाळी परत नाडी. अशी किती वर्षं गेली त्याचा हिशोब मी देत नाही, पण कपाटाचा तो कोपरा घासून चकचकीत झालाय, तोंड दिसतं त्यात.

माझं म्हणणं साधं होतं. मंडप आणि साउंडचा धंदा आहे माझा, मला माणसं गोळा कशी होतात ते कळतं. पहिल्या दिवशी काही वाजलं नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. पोराला मीटर देऊन सेल मोजायला बसवलं तर ते क्रिकेटला पळतं. वाजू द्या, जळू द्या, मग शिकेल. तू म्हणायचीस, पेशंट आला की आधी नाडी बघतात, इंजेक्शन मग. मी म्हणायचो, आक्का, इथं पेशंट न्हाई, स्पीकर हाय. लोकांना आमचं भांडण इतकं आवडायचं की काही जण पुस्तकं न्यायला नाही, भांडण ऐकायला यायचे. मी तर म्हणतो, बीडवरून गाडी करून यायचे.

एकदाच तू आवाज न चढवता बोललीस. दुपारची वेळ, विहारात आपण दोघंच, तू एका बोर्डाला टाके देत होतीस. मी नेहमीसारखं सुरू केलं होतं. तू सोल्डरिंग खाली ठेवलंस.

"बाळ्या, मी हात बघितलेत," तू म्हणालीस. "वॉर्डात यायचे. करंट लागलेले. शेतात मोटार बघायला गेलेला, मंडपाचा पाईप धरलेला. तळहाताला आरपार जळालेलं असतं आणि मानूस मला विचारतो, सिस्टर, बोटं ऱ्हातील ना. वायरीत करंट हाय का न्हाई, एवढंच त्यानं आधी बघितलं असतं."

  

त्यानंतर मी मंडप उभा केला की माणसं आत सोडायच्या आधी प्रत्येक लोखंडी खांबाला मीटर लावून बघतो. नाडीच्या सुरुवातीला सांगितलंय तसंच, आधी मीटर चालू आहे का ते बघायचं, मग खांब. एकदा एका लग्नात खरंच खांबात करंट उतरलेला निघाला. नवरदेव त्याच खांबाला टेकून फोटो काढणार होता. त्या लग्नातून आता दोन लेकरं आहेत आणि ती तुझ्या खात्यावर आहेत. नाडीची एक प्रत माझ्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर कायम असते. धंद्याला लागते म्हणून असते. आपल्या वादाशी त्याचा काही संबंध नाही.

शेवटी तू अंबाजोगाईलाच होतीस, त्याच दवाखान्यात, फक्त या वेळी खाटेवर. मी आलो तर तू सलाईनच्या यंत्राकडं बघत पडलेलीस. मला म्हणालीस, याचा बझर घोगरा झालाय, आतला पार्ट बदलायला पाहिजे. मग उशीखालून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवलीस. प्रज्ञा शेजारी बसली होती.

"कपाट तुझ्याकडं," तू म्हणालीस. "पर डाव्या कडंला नाडी. बोल, हो."

मी म्हटलं, "आधी बरी हो, मग भांडू."

तू हसलीस. मला वाटलं, भांडायला वेळ आहे.

म्हणून आक्का, किल्ली माझ्या खिशात आली पण हो म्हणायचं राहिलं. आणि आता नवा माणूस कपाटापुढं उभा राहिला की त्याच्या हातात काय द्यायचं, हे मला एकट्याला ठरवायचं आहे. तू असताना मी बिनधास्त भोंगा पुढं करायचो, कारण मागून तू नाडी घेऊन येणार हे ठाऊक होतं. आता मागून कुणी येत नाही. त्याच्या हातांची जबाबदारी माझ्यावर. हे मी भांडणात कधी धरलंच नव्हतं.

मग मी माझ्या स्वभावाला साजेसं काम केलं. तू सांगून ठेवलं होतंस, माझ्या माघारी पुण्यानुमोदनाला हार-शाली नकोत, पुस्तक आणा. मी तो निरोप सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली आपलं एक वाक्य चिकटवलं, 'नव्या शिकणाऱ्याच्या हातात पहिलं द्यावं वाटतं, तेच पुस्तक आणावं.' म्हणजे मतदानच. तुझ्या कार्यक्रमात, तुझ्याच माणसांकडून. मला खात्री होती, भोंगा दणक्यात निवडून येणार, आणि मग मी मोकळ्या मनानं डाव्या कडेला भोंगा ठेवणार.

आक्का, तू बघायला पाहिजे होतंस. भंतेजींचं वंदन आणि धम्मदेसना चालू होती आणि माणसं मागून येतच होती. गेवराईहून, धारूरहून, अंबाजोगाईहून तर तुझ्या बरोबरीच्या सगळ्या सिस्टर पांढऱ्या साड्या नेसून. एवढी माणसं की विहाराच्या भिंती बाहेरून फुगलेल्या दिसत होत्या. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. मी टेबल मांडून बसलो होतो. पहिलं आलं, भोंगा. दुसरं, भोंगा. तिसरी उशी, मग पुन्हा भोंगा. आणि एकही नवं नव्हतं. सगळी तुझीच होती, तुझ्या हातची, वर्षानुवर्षं नेलेली आणि परत न आलेली. तू दर वर्षी नव्या प्रती आणायचीस आणि मी चिडायचो की लोक गिळतात. ती सगळी गिळलेली पुस्तकं माणसं दोन्ही हातांवर धरून आणत होती.

गेवराईचा रामभाऊ, ट्रॅक्टरवाला, पुस्तक ठेवून म्हणाला, "बे, तुझं ते पहिलं-बिहिलं काय मला कळलं न्हाई. आक्काचं हुतं, वाचून झालतं, आणलं." मी त्याचं मत भोंग्यात धरलं.

मग प्रज्ञानं एकेक पुस्तक उघडून चटके वाचायला सुरुवात केली. माईक मी दिला होता, आवाज माझ्या सेटचा. 'सुनीता, अंबाजोगाई, दाराची बेल.' 'रफिक, गेवराई, बापाचा रेडिओ.' 'कडूबाळ, वडवणी, टाकी भरली की ओरडणारं.' 'सुनीता' परत, या वेळी 'पाळण्यात बाळ रडलं की दिवा.' नाव वाचलं की ते माणूस जागेवर उभं राहायचं. कुणी सांगितलं नव्हतं. काही जण आता नोकऱ्यांत आहेत, काही जण शेतात, एक कुठल्याशा कारखान्यात मोठ्या मशीनपाशी, आणि सगळे आपल्या डागाला उभे राहत होते, जसं शाळेत हजेरीला. मी आयुष्यभर तिखटमीठ लावून गोष्टी सांगितल्या. इथं मला काही लावायला जागाच मिळाली नाही. आक्का, सरकारी इमारतीवर कोरलेली नावं मी पुष्कळ बघितलीत. सोल्डरिंगच्या चटक्यानं कोरलेली ही नावं माझ्या बहिणीच्या कपाटातली आहेत, हे मी इथं लिहून ठेवतो.   

शेवटी 'बाळासाहेब, वडवणी, डुक्कर' निघालं आणि लोक हसले. मी उभा राहिलो. छाती काढून उभा राहिलो.

माणसं गेल्यावर प्रज्ञा आणि मी कपाट लावायला बसलो. इतकी वर्षं अर्धं रिकामं असलेलं कपाट गच्च भरलं. भोंगे दोन कप्पे भरून, उशा खाली, गोमा मधे. फक्त वरच्या कप्प्यात डाव्या कडेला जागा राहिली होती, तिथली नाडीही कुणीतरी नेलेली. एकही नाडी आली नव्हती. एकसुद्धा. मी टेबलाखाली बघितलं, सतरंजीखाली बघितलं, सिस्टरांच्या पिशव्या गेल्या त्या बाजूला जाऊन बघितलं. मग मी एक भोंगा उचलला, त्या चकचकीत कोपऱ्यापाशी धरला, आणि तुझ्या लेकीला म्हणालो, बघ, एवढ्या माणसांत तुझ्या आईच्या नाडीला एक मत न्हाई पडलं.

प्रज्ञा सतरंजीची घडी घालत होती. तिनं वर बघितलं नाही.

"मामा," ती म्हणाली, "लोकांनी वाचून झालेली पुस्तकं आणली. नाडी अजून लागती त्यांना."